पासष्ट ते पंच्याहत्तर

साठपर्यंत काही नाही.
मागे दोनशे खुर्च्या, कनातीचे बांबू,
जर्मनची गंजं एकात एक घातलेली,
सगळं मुकाट.
पासष्टला सुरू होतं.
आधी आरशातला रस्ता धूसर होतो,
मग सीट गुणगुणते,
मग माझ्या दाढा.
पंच्याहत्तर ओलांडलं की थांबतं,
कोणी पाठीवरचा हात काढून घ्यावा तसं.
पण दोनशे खुर्च्या घेऊन
ऐंशीनं कोण जातं?

तीन ठिकाणी दाखवून झालं.
पुलगावच्या टायरवाल्यानं चारही चाकं बॅलन्स केली,
रिमवर शिशाचे तुकडे ठोकले,
आठशे घेतले.
आर्वीत एकजण म्हणाला, इंजिनाचं माउंटिंग. तेही बदललं.
तिसऱ्यानं गाडीकडे पाहिलंच नाही,
माझ्याकडे पाहिलं :
"बाई, सत्तरनं पळवताच कायले?"

सात महिने मी साठनं चालले.
लोकांच्या हळदी लागून जायच्या
आणि माझा मांडव रस्त्यातच.

चिंधूजी तुमडाम रोहण्याच्या फाट्यावर बसतात,
निंबाखाली, ट्रॅक्टरच्या फुटक्या सीटवर.
चहाची बशी खाली ठेवून त्यांनी एवढंच विचारलं,
"कंप हातात येते का बुडाखाली?"

मला हे कोणी विचारलंच नव्हतं.
मी डोळे मिटून आठवलं.
बुडाखाली, म्हटलं.
"मंग पुढचे चाकं सोडून देऊ."

पुलाच्या अलीकडे उतार आहे.
सत्तर झाले तसे ते म्हणाले, "काढ गेर."
न्यूट्रल. इंजिन मंद झालं,
वारा ऐकू आला,
आणि कंप तसाच, जागचा हलला नाही.
"म्हंजे इंजिनही सुटलं."
त्यांनी बोटं मोजली नाहीत, पण दोन बोटं मिटली होती.

परतताना ते मागे झोपले, रिकाम्या डाल्यात,
गाल पत्र्याला लावून.
कान कामातून गेलेत, म्हणाले, गाल अजून चांगला हाय.
मी आरशात पाहत होते, पांढरं डोकं, पसरलेला पंजा
गियरपासून मागे सरकत सरकत
एका जागी थांबला.
मोटरसायकलवाले वळून वळून पाहत होते.
त्यांना वाटलं असेल, दवाखान्यात नेतेय.

निंबाखाली गाडी जॅकवर चढली.
क्रॉस हलवून पाहिला : घट्ट.
बेअरिंग फिरवून पाहिली : मऊ.
मग चिंधी रॉकेलमध्ये बुडवून
शाफ्टच्या जोडावरचं ग्रीस पुसलं,
वर्षांचं, काळं, गुळासारखं.
खाली छिन्नीच्या दोन खुणा निघाल्या.
समोरासमोर असायच्या होत्या.
एक आकाशाकडे होती,
एक मातीकडे.

गाडीखालून बराच वेळ आवाज आला नाही.

लोकेश पाना धरून उभा होता.
पाना स्वच्छ होता, तरी पुसत होता.

"खूण माही हाय," खालून आवाज आला.
"जोड माह्याच दुकानात बसला.
तवा मी सेवाग्रामले, डोयाले पट्टी बांधून."
थोडं थांबून :
"दोष दुकानाचा."
आणि मग, वेगळ्याच आवाजात,
"ये बे. आत ये. पाय हे."

गाडीखालून चार पाय बाहेर दिसत राहिले.
दोन भेगांचे, अनवाणी,
दोन नव्या सँडलमधले.
मी निंबोळ्या पायानं सारत बसले.
आतून एकदाच हसण्याचा आवाज आला,
कोणाचा, कळलं नाही.

चार बोल्टांचे पैसे घेतले. एकशे वीस.
मजुरी विचारली तर
त्यांनी बशी उचलून थंड चहा संपवला.

बासष्ट. पासष्ट.
मी दाढा आवळून बसलेली, सवयीनं.
अडुसष्ट.
आरशात मागचा रस्ता
कोणी पट्टीनं आखल्यासारखा,
त्यावर एक बैलगाडी लहान लहान होत गेलेली.

आणि आता ऐकू येतेय
डाव्या दाराची किरकिर.
असेल बरेच दिवसांची.
असू दे.